मामांचे पिस्तूल

खंडेनवमीला आमच्या मामांच्या घरी चार शस्त्रांची पूजा होई. विळी, अडकित्ता, मामींचे शिवणयंत्र आणि मामांचे पिस्तूल. पहिली तीन रोजच्या राबत्यातली. चौथे मात्र त्या दिवशी झेंडूची पाकळी अंगावर घेऊन पुन्हा कपाटात जाई.

मामा एका साखर कारखान्यात रोखपाल होते. तालुक्याच्या बँकेतून पगाराच्या पेट्या जीपमधून आणायच्या, म्हणून तरुणपणीच त्यांना परवाना मिळाला होता. पिस्तूल बत्तीस बोअरचे, परदेशी बनावटीचे आणि मुद्दाम हलके केलेले. नळी आणि वरचा सरकता भाग पोलादाचा. पण खालची फ्रेम, म्हणजे चाप आणि मूठ ज्यात बसते तो सांगाडा, अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. माणसावर ते त्यांनी कधी रोखले नाही. रायफल क्लबात मात्र अनेक वर्षे रविवारी हौसेने गोळ्या झाडल्या. निवृत्तीनंतर पुण्याला आले तरी परवान्याचे नूतनीकरण एकदाही चुकवले नाही. कारखान्यातल्या त्यांच्या खुर्चीची आठवण म्हणून तेवढीच एक वस्तू उरली होती.

१९९६ च्या खंडेनवमीला पुसता पुसता त्यांना चापाच्या वर एक केस चिकटलेला दिसला. फडक्याने जाईना, नखाने निघेना. मला निरोप आला. मी जाऊन त्या जागी रॉकेल लावले, कोरडे पुसले आणि वर खडूची पूड चोळली. फटीत शिरलेले रॉकेल पुडीत उतरले आणि रेघ स्पष्ट उमटली. तो केस नव्हता, तडा होता.

"हात्तिच्या!" मामा म्हणाले. "तुझ्या कारखान्यात आर्गनचं वेल्डिंग आहे ना? रविवारी टाक एक टाका."

मी नाही म्हणालो, आणि तिथेच सारे बिनसले.

मामांचे म्हणणे अगदीच गैरवाजवी नव्हते. १९८४ साली त्यांच्या स्कूटरच्या इंजिनाचे केसिंग दगडावर आपटून तडकले होते. ते अॅल्युमिनियमच होते आणि ते मीच जोडले होते. बारा वर्षे झाली, थेंबभर तेल गळले नव्हते. येईल त्या पाहुण्याला मामा स्कूटर आडवी करून माझा तो टाका दाखवीत. मग पावशेराच्या पिस्तुलाला काय धाड भरली?

मी आधी कायदा पुढे केला. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्राची दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही; शस्त्र बाळगण्याचा परवाना वेगळा आणि दुरुस्तीचा वेगळा. हे खरे होते, पण मी ते चुकीच्या सुरात बोललो. ज्या माणसाने मला बोट धरून शाळेत नेले, परीक्षेची फी भरली, त्याला मी कलमे ऐकवीत होतो. "कळलं," एवढेच म्हणून त्यांनी पिस्तूल रुमालात गुंडाळले. दसऱ्याला मी सोने द्यायला गेलो तर ते फिरायला गेलेले. दिवाळीच्या तोंडावर आईला निरोप आला की यंदा भाऊबीजेला जमणार नाही, गुडघा दुखतो. आई काही बोलली नाही. करंज्या तळता तळता फक्त एवढेच म्हणाली, "गुडघा कधीपासून दुखायला लागला त्याचा?"

खरे कारण कायद्याहून खोल होते, धातूतच होते. स्कूटरचे केसिंग ओतीव असते आणि त्या अॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन मिसळलेले असते. ते वितळल्यावर छान वाहते, निवताना फाटत नाही. जाडही भरपूर असते; थोडी ताकद गेली तरी इंजिनाचे अडत नाही. पिस्तुलाची ही फ्रेम ड्युरॅल्युमिनच्या जातीची. १९०६ साली आल्फ्रेड विल्म नावाचा जर्मन धातुशास्त्रज्ञ अॅल्युमिनियममध्ये थोडे तांबे आणि किंचित मॅग्नेशियम घालून प्रयोग करीत होता. पाचशे अंशांच्या आसपास तापवून त्याने ते पाण्यात बुडवले. पोलाद असे केले की तत्क्षणी कडक होते. हे मऊच राहिले. दोन दिवसांनी पुन्हा मोजले, तो ते आपले आपण कडक झालेले! आपल्या बायकांना यात नवल वाटणार नाही. लोणचे घातल्या दिवशी लागत नाही, ते मुरावे लागते. हा धातूही मुरतो. विमाने उभी राहिली ती या मुरण्यावर.

आता त्यावर वेल्डिंगची ज्योत धरा. टाक्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात ते मुरणे पार विसकटते. टाकाही निवताना आतून चिरतो, वरून मात्र चकचकीत दिसतो. सगळी फ्रेम पुन्हा तापवून बुडवावी तर ती वाकते. शिवाय मूळ दुखणे तसेच राहते. पोलादाला ठराविक मर्यादेच्या आतले धक्के कितीही द्या, ते सोसते. अॅल्युमिनियमला अशी सीमाच नाही, लहान धक्केही खाती जमा होत राहतात. १९५४ साली दोन कॉमेट विमाने भूमध्य समुद्रात कोसळली, तेव्हा इंग्रजांनी फार्नबरोला एक अख्खे विमान पाण्याच्या टाकीत घालून हजारो वेळा आतला दाब चढवला-उतरवला. शेवटी खिडकीच्या कोपऱ्यापासून पत्रा फाटला. जर्मन सैन्याने १९५७ पासून घेतलेल्या वाल्थर पिस्तुलाची फ्रेमही हलक्या धातूचीच होती. तिच्यात पुढे कारखान्याने चापाच्या वर पोलादाचा षटकोनी बोल्ट आडवा बसवला. पण ही झाली तडा जाण्याआधीची तजवीज.

हे सगळे मामांना सांगून पटणारे नव्हते. रोखपाल माणूस, नोटा मोजून घेतल्याशिवाय सही करीत नसे. म्हणून मी कारखान्याच्या भंगारातून, साहेबांना विचारून, विमानाच्या धातूची एक पट्टी आणली. तिचे दोन तुकडे केले. एक तसाच ठेवला. दुसरा मधोमध कापून जीव ओतून जोडला. पाडव्याच्या संध्याकाळी दोन्ही घेऊन मामांकडे गेलो.

"कोणता चांगला?" मी विचारले.

मामांनी चष्मा लावला. जोडलेल्या तुकड्यावरून अंगठा फिरवला. "टाका सुरेख आलाय. स्कूटरपेक्षाही सरस."

त्यांच्या गॅलरीत एक छोटा व्हाइस होता. त्यात आधी अखंड तुकडा धरून मी म्हणालो, "वाकवा." मामांनी दोन्ही हातांनी जोर लावला. तुकडा लवला आणि सोडताच ताठ झाला. मग जोडलेला धरला. त्याला मामांनी नुसता हात लावला म्हणा ना! बिस्किट मोडावे तसा तो टाक्याशेजारी मोडला.

मामा हातातल्या तुकड्याकडे बराच वेळ पाहत राहिले. आतून मामी म्हणाल्या, "काय फुटलं रे?"

"काही नाही," मामा म्हणाले. जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "आणि हे माझ्या तोंडासमोर सुटलं असतं."

"तेच म्हणत होतो, मामा."

"तू कलमं सांगत होतास."

यावर मला उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला मामा आले. गुडघ्याचा विषय आईने काढला नाही. ओवाळणी घालून झाल्यावर त्यांनी पिशवीतून मामींचे बुडाला तडकलेले जुने अॅल्युमिनियमचे पातेले काढून माझ्यापुढे ठेवले. "याला तरी कायदा आड येत नाही ना?"

दिवाळीनंतर आम्ही दोघे परवानाधारक दुकानदाराकडे गेलो. त्याने भिंग लावले आणि मान हलवली. फ्रेम बदलायची म्हटली तरी परवान्यावरचा नंबर त्या फ्रेमवरच कोरलेला; तेव्हा तीही वाट बंद. मामांनी तिथूनच पोलीस ठाणे गाठून पिस्तूल जमा केले. पावती दोनदा वाचून घडी घातली आणि खिशात ठेवली. येताना स्कूटर त्यांनीच चालवली. मी मागे बसलो होतो. वाटेत ते एवढेच म्हणाले, "हिचा टाका शाबूत आहे हो अजून."

दारात मामी उभ्या होत्या. पिस्तुलाचे काय झाले हे त्यांनी विचारलेच नाही.

"माझं पातेलं कुठंय?" त्या म्हणाल्या.

पातेले मी साफ विसरलो होतो.