चोपडा टाइप करून दाखवा

बटणांचा फोन परत आलाय. टॉर्चवाला साधा नोकिया नव्हे. पडद्याखाली ए-टू-झेड सगळी बटणं असलेला, एकेकाळी वकील आणि साहेब लोकांच्या कमरेच्या पाऊचमध्ये दिसायचा, तो. ब्लॅकबेरीने जुन्या फोनांची सेवा ४ जानेवारी २०२२ ला बंद केली, पण हौस संपलेली नाही. युनिहर्ट्झ या चिनी कंपनीचे टायटन नावाचे बटणवाले फोन निघतच आहेत, टायटन २ तर २०२५ चा. क्लिक्स नावाच्या कंपनीने २०२४ मध्ये आयफोनला खालून अडकवायचा कीबोर्ड काढला. सगळ्यांच्या जाहिरातींचा सूर एकच: पडद्यावर बोट घासणं म्हणजे टाइमपास, बटण दाबणं म्हणजे काम.

माझा धंदा टायपिंग शिकवायचा. उमेदवारी धुळ्यात झाली, इन्स्टिट्यूट जळगावात आहे. त्यामुळे या जाहिराती पाहिलेली मुलं बॅच सुटल्यावर मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, सर, याच्यावर स्पीड येईल का? मी उलट विचारतो, कशाचा स्पीड? मराठीचा की इंग्रजीचा? माझ्या मते या फोनाबद्दल विचारण्यासारखा प्रश्न एवढा एकच आहे आणि जाहिरातीत तो कुठेच नसतो.

आधी बटणांची बाजू मांडतो, कारण मी बटणांच्याच बाजूचा माणूस आहे. टायपिंगमध्ये पहिल्या दिवसापासून आम्ही एकच गोष्ट घोकून घेतो: नजर कॉपीवर, बोटं कीबोर्डवर. हे जमतं ते बोटाला की लागते म्हणून. ती खाली जाते, टेकते, वर येते आणि अक्षर उमटल्याची खबर डोळ्याआधी बोटाला मिळते. एफ आणि जे वरच्या बारीक उंचवट्यांवर तर्जन्या ठेवल्या की डोळे मिटूनही घर सापडतं. सपाट काचेवर हे घरच नसतं, म्हणून डोळ्यांना सारखी राखण करावी लागते.

ब्लॅकबेरीवाल्या कॅनडाच्या कंपनीने, तेव्हाच्या रिसर्च इन मोशनने, हे नेमकं ओळखलं होतं. त्यांचं पहिलं ब्लॅकबेरी यंत्र १९९९ चं. पुढच्या फोनांत प्रत्येक बटणाला थोडा उतार आणि खाली धातूची छोटी वाटी असायची, ती दबली की कट् असा आवाज. स्पेस दोनदा दाबली की पूर्णविराम आपोआप पडायचा आणि पुढचं अक्षर कॅपिटल यायचं. बटण दाबून धरलं तरी कॅपिटल. लांबलचक मेल वाचताना टी दाबलं की थेट वर, बी दाबलं की थेट तळाला. ज्याने हे बसवलं त्याने टायपिस्टकडून काम करून घेतलेलं असणार, असं मला नेहमी वाटतं.

आपल्याकडे ही लाट २००९-१० च्या आसपास आली. ब्लॅकबेरीचा कर्व्ह ८५२०, नोकियाचा ई६३, आणि ज्यांना ते परवडत नव्हते त्यांच्यासाठी मायक्रोमॅक्सचे क्यू मालिकेतले दोन सिमवाले फोन. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये दुरुस्तीच्या टेबलांवर उघडे पडलेले त्यांचे कीपॅड मी पाहिलेत. खानदेशची धूळ बटणांच्या फटीत शिरायची, मग एखादं अक्षर एकदा दाबलं की दोनदा उमटायचं. कारागीर ब्रशने आणि स्पिरिटने झाडून द्यायचा. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक एमआर, कंपन्यांचे सेल्सवाले आणि काही वकील. एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली होती. या सगळ्यांचं लिहिणं इंग्रजीत असायचं. जो मराठीत लिहायचा, तो त्या फोनवर ‘mi yeto’ लिहायचा नाहीतर सरळ फोन लावायचा.

त्याचं कारण बटणांच्या संख्येत आहे.

सरकारी लिपिक-टंकलेखकाला मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग लागतो. मराठीचे दहा शब्द माणूस आळशी म्हणून कमी धरलेले नाहीत. काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षर, सगळं मिळून आपल्या शब्दाला फटके जास्त लागतात. मूळ यंत्रच दुसऱ्यांचं. गोदरेजने १९५५ मध्ये भारतात टाइपरायटर बनवायला घेतला तेव्हाही सांगाडा इंग्रजी यंत्राचाच होता आणि देवनागरी त्यात कोंबावी लागली. काही अक्षरं अर्धी मारायची, मग पुढे दांडा देऊन ती पुरी करायची. उकार आणि अनुस्वाराच्या कळा अशा, की अक्षर उमटतं पण गाडा पुढे सरकत नाही. माझी पिढी त्यावर शिकली आणि त्यावर पोटही भरलं, म्हणून तक्रार नाही. पण आधी अक्षर ठरलं आणि मग यंत्र झालं, असं आपल्या बाबतीत कधी घडलं नाही.

कॉम्प्युटर आल्यावर त्यातल्या त्यात शहाणं काम झालं ते इन्स्क्रिप्ट या मांडणीचं. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने ती प्रमाण केली आणि पुण्याच्या सी-डॅकने तिचा प्रसार केला. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. क च्याच कीवर शिफ्ट दाबून ख, ग च्या कीवर घ. म, न, व डावीकडे सरकलेत, तेवढा अपवाद. व्यंजन उजवीकडून, मात्रा डावीकडून, असे हात आळीपाळीने पडतात. ‘जळगाव’ घ्या. पी वर ज, शिफ्ट-एन वर ळ, आय वर ग, ई वर काना, बी वर व. ‘धुळे’ म्हणजे शिफ्ट-ओ, जी, शिफ्ट-एन, एस. महिनाभर बसलेल्या मुलाची बोटं हे न बघता मारतात. खरं तर दोन अंगठ्यांनी लिहायलाही ही मांडणी झकास आहे: उजवा अंगठा अक्षर ठेवतो, तोवर डावा मात्रेवर जाऊन थांबलेला असतो. मग ब्लॅकबेरीवर इन्स्क्रिप्ट बसवली असती तर मराठीचं भलं झालं असतं, असं वाटेल.

तर आता ‘चोपडा’ टाइप करा. आपल्या जिल्ह्यातलाच तालुका. इन्स्क्रिप्टमध्ये च आहे अर्धविरामाच्या कीवर, म्हणजे एल च्या उजवीकडे. ड आहे चौकोनी कंसाच्या कीवर, पी च्या उजवीकडे. ब्लॅकबेरीवर पी नंतर फोनची कडा येते आणि एल नंतर डिलीट. च ला जागा नाही, ड ला जागा नाही. ट अवतरणचिन्हाच्या कीवर असतो, तीही नाही. य तिरप्या रेषेच्या कीवर, तीही नाही. म्हणजे चोपडा गेलं, चाळीसगाव गेलं, यावल गेलं. छ, ठ, ढ त्याच कळांवर शिफ्टने येतात, तेही गेले. क्ष, त्र, ज्ञ, श्र आकड्यांच्या ओळीवर असतात आणि या फोनांना आकड्यांची वेगळी ओळच नसते. इंग्रजीची सव्वीस अक्षरं बसली की कारखान्याचं काम झालं, फोन तिथे संपतो. उरलेली अक्षरं ऑल्ट नाहीतर सिम्बॉल दाबून आणायची म्हटली तर प्रत्येक च ला दोन अंगठ्यांची कसरत, आणि वेग बसला घरी.

जिओने २०१८ मध्ये २,९९९ रुपयांत जिओफोन २ काढला, आडवा पडदा आणि खाली पूर्ण क्वर्टी कीपॅड. स्वस्त होता, भारतासाठी होता, पण बटणांची मांडणी तीच. गावाकडच्या माणसाला त्याचं अप्रूप वाटलं नाही, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही.

गंमत अशी की ज्या काचेला आम्ही टायपिंगवाले नाकं मुरडत होतो, तिनेच मराठीला जागा दिली. काचेवरचं बटण छापलेलं नसतं, हवं तेव्हा बदलता येतं. आयआयटी मुंबईतल्या मंडळींनी स्वरचक्र नावाचा कीबोर्ड केला. त्यात क वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु यांचं चक्र उघडतं, बोट हवं तिकडे सरकवायचं. ही कल्पना लोखंडी कळांवर सुचलीच नसती. मग गुगलचे कीबोर्ड आले आणि २०१७ मध्ये मराठीत बोलून लिहिण्याची सोय आली.

वेगाच्या बाबतीतही काच तितकी मागे नाही, हे कबूल करायला हवं. २०१९ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठाने केंब्रिज आणि झुरिकच्या संशोधकांसोबत सुमारे ३७ हजार लोकांचं मोबाइलवरचं टायपिंग मोजलं. सरासरी निघाली मिनिटाला ३६ शब्द, दोन अंगठे वापरणाऱ्यांची ३८. काहीही न शिकलेली पोरं आमच्या चाळीसच्या परीक्षेच्या उंबऱ्यापर्यंत आलेली! त्यातलीच आणखी एक गोष्ट मला आवडली: आपोआप दुरुस्तीने वेग वाढतो, पण वर सुचवलेले शब्द निवडत बसणाऱ्यांचा वेग उलट घटतो. बघायचं, ठरवायचं, मग टिचकी मारायची, यात जो वेळ जातो तो कोणी मोजत नाही.

तालुक्याच्या वार्ताहरांकडे बघा. पूर्वी बातमी कागदावर लिहून, पाकिटात घालून जळगावच्या एसटीत कंडक्टरकडे द्यायचे. आज माझा एक जुना विद्यार्थी बाजार समितीच्या आवारात उभ्या उभ्या फोनला बातमी सांगतो. लिलावाच्या गलक्यात फोन ‘केळी’ ची ‘केली’ करतो. घरात लेवा बोली असेल तर आणखी मजा, कारण तिथे डोळ्याचा डोया होतो आणि फोन गोंधळून काहीतरी तिसरंच लिहितो. मग तो बाजूला सावलीत बसतो आणि अंगठ्यांनी दुरुस्त करतो. मजकूर बोलून येतो, पण त्यातली नावं, भाव आणि आकडे शेवटी बोटांनीच तपासावे लागतात. बटणवाल्या फोनची खरी गरज कुठे असेल तर इथे, या दुरुस्तीत. आणि नेमकं तिथेच त्याला च आणि ड येत नाहीत.

उपाय नाही असं नाही. बटणं आडव्या फोनखालून सरकून बाहेर येत असतील तर जागा होते. नोकियाचा १९९६ चा कम्युनिकेटर पुस्तकासारखा उघडायचा, एफ-एक्स-टेक कंपनीच्या प्रो१ ला २०१९ मध्ये पाच ओळींचा सरकता कीबोर्ड होता. पी च्या उजवीकडे एक कळ, एल च्या उजवीकडे दोन, खाली तिरप्या रेषेची एक आणि वर आकड्यांची ओळ मिळाली, की बाकीचं काम सॉफ्टवेअरचं. असा फोन मराठी छापून कोणी काढला, तर माझ्या इन्स्टिट्यूटच्या टेबलावर तो पहिला असेल. पण कारखाने गिऱ्हाईक मोजतात आणि उभा, तीन ओळींचा, इंग्रजी नमुनाच पुन्हा पुन्हा निघतो.

गेल्या महिन्यात कोर्टात काम करणारा एक मुलगा असाच फोन मागवायच्या बेतात होता. वकिलांच्या हाताखाली आहे, नोटिसा तयार करतो.

“सर, घेऊन टाकू का?”

“दिवसभरात इंग्रजी किती लिहितोस?”

“इंग्रजी... ईमेल आयडी, पासवर्ड. बाकी अर्ज, नोटिसा, पक्षकारांचे मेसेज, सगळं मराठीच.”

“मग राहू दे,” मी म्हटलं. “आणि तुझे साहेब इंग्रजीत ड्राफ्टिंग करत असतील, तर त्यांना घ्यायला सांग.”

त्याने साहेबांना सांगितलं, आणि साहेबांनी मागवला.