नूडलवरची मिरपूड

आमच्या कोकणात सापाला साप म्हणत नाहीत. दिवेलागणीनंतर तर नाहीच नाही. ‘जनावर’ म्हणतात, फार तर ‘लांबडं’. ते चावलं तर ‘पान लागलं’ म्हणतात. अशा मुलखात वाढलेला मी मुलाकडे डॅलसला उतरतो काय, आणि विमानतळावर बारा वर्षांचा नातू नमस्काराला वाकता वाकता सांगतो काय, की “आजोबा, नूडल आजारी आहे!” मला वाटलं, पोराला काहीतरी शिळंपाकं खाऊन बाधलं असावं.

नूडल म्हणजे साडेतीन फुटी अजगर. बॉल पायथन या जातीचा, मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. विष नाही, फणा नाही, फूत्कारही बेताचाच. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं नाग सोडाच, पिंजऱ्यातला राघूसुद्धा पाळता येत नाही. तिकडे मात्र हे जनावर काचेच्या पेटीत, नातवाच्या पलंगापासून चार हातांवर. त्याचं जेवण फ्रीजरमध्ये, सूनबाईंच्या खवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी. डब्यावर चिठ्ठी लावलेली असे, पण मी तेवढ्या दिवसांत नारळ घातलेल्या एकाही भाजीला हात लावला नाही.

तर या नूडलच्या अंगावर कुणीतरी मिरपूड भुरभुरली होती. भिंग लावून पाहिलं तर मिरपूड चालत होती.

इंग्रजीत याला माइट म्हणतात. मराठीत काय म्हणावं यावर आमच्यात दोन दिवस खल झाला. ऊ म्हणावी तर सापाला केस नाहीत. पिसू म्हणावी तर हे उड्या मारत नाही. पिकांवर पडतो त्याला आपले शेतकरी लाल कोळी म्हणतात, तो याच जातकुळीतला. आमच्या हिनं निकाल दिला, “गोचिडीची धाकटी जाऊ.” शास्त्रही पुढे तेच म्हणालं. गोचीड आणि माइट एकाच घराण्यातले, दोघांनाही आठ पाय. मला तर यात देवाचा खट्याळपणाच दिसला. ज्याला एकही पाय दिला नाही, त्याच्या अंगावर आठआठ पायांची वऱ्हाडं सोडली!

हसायला ठीक आहे, पण त्या पेटीसमोर बसलात की हसू ओसरतं. वाचकहो, पाठीच्या मधोमध, जिथे आपला हात पोहोचत नाही तिथे खाज सुटली की आपण दाराच्या चौकटीला पाठ घासतो. आता सगळं अंग म्हणजेच पाठ आहे, हात नावाची वस्तूच नाही, अशी कल्पना करा. नूडल दिवसभर पाण्याच्या कुंड्यात वेटोळं घालून बसे. हे रक्तपिपासू बुडतील एवढं त्याला कळत होतं. त्यातले पुष्कळ बुडतही. पण बाकीचे शहाणे वर चढत आणि डोक्यावर, हनुवटीच्या खाचेत, डोळ्यांच्या कडेला जाऊन बसत. सापाला पापण्या नसतात. डोळ्याशी काही वळवळलं तरी मिटायची सोय नाही.

जत्रेत बैल मांडावेत तसे तिकडे मोठाल्या हॉलमध्ये साप-सरडे मांडून विकतात. अशाच एका बाजारातून नातवानं लाकडाचा एक ओंडका आणला होता, त्यातून ही फौज आली असावी. महिनाभर नूडल जेवला नव्हता. हा प्राणी एरवीही महिनेच्या महिने उपाशी राहू शकतो म्हणे, पण इथे वरून रक्तही चाललं होतं. त्यात एके सकाळी सूनबाईंच्या मनगटावर लाल गांधी उठली. झालं! चिरंजीवांनी ऑफिसला जाता जाता हुकूम सोडला: पंधरा दिवसांत हे आटोपलं नाही तर नूडल अनाथ सापांच्या आश्रमात. (असा आश्रम असतो. तिकडे सगळ्याचा असतो.) नातू काही बोलला नाही. त्यानं ताटातली पोळी तशीच ठेवली. घरात आता दोघे उपाशी झाले.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “घरात कासव आहे का?” मला वाटलं, गप्पा मारताहेत. पण सापाला चालणारं एक औषध कासवाच्या जिवावर बेततं म्हणे, म्हणून ती चौकशी. मग त्यांनी समजावलं. मादी अंडी घालते ती सापावर नाही, तर पेटीच्या फटीत, अंधाऱ्या दमट जागी. एकेक मादी जन्मात साठ-सत्तर अंडी सहज घालते. ऊब असली की अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंतचा फेरा दोन-तीन आठवड्यांत पुरा. औषधानं जिवंत असतील ते मरतात, अंडी शाबूत राहतात. तेव्हा एकदा फवारून निश्चिंत व्हायचं नाही. पुन्हा, आणि पुन्हा.

नातवानं हे भाषांतर करून आजीला सांगितलं. ही म्हणाली, “म्हणजे लिखा! त्यासाठी एवढं शिकावं लागतं होय?”

इथून पुढे सूत्रं हिच्याकडे गेली. आमच्या लेकीच्या डोक्यात शाळेच्या बाकावरून दरवर्षी उवा येत. दर रविवारी पाठीमागच्या पडवीत बारीक दातांची फणी घेऊन ही तिला दोन गुडघ्यांत धरून बसे. “लीख राहिली की ऊ राहिली,” हे तिचं ब्रह्मवाक्य होतं. ते ज्ञान तीस वर्षं पडून होतं. खोबरेल तेल चोपडायचा तिचा प्रस्ताव तेवढा डॉक्टर बाईंनी नामंजूर केला. सापही तेलकट, पेटीही तेलकट, आणि फटीतली अंडी जागच्या जागी.

मग महायज्ञ सुरू झाला. पेटीतलं अंथरूण काढून पिशवीत बांधून बाहेर टाकलं. ते अंथरूण म्हणजे नारळाच्या सोडणांचा भुसा! आमच्याकडे सोडणं चुलीत जातात, इथे चिरंजीवांनी त्यांना डॉलर मोजले होते. ओंडकाही गेला. पेटी कढत पाण्यानं घासली, फटीफटीतून जुना टूथब्रश फिरवला, आणि आत स्वयंपाकघरातला पांढराशुभ्र कागद अंथरला. पांढऱ्यावर काळं चट दिसतं. डॉक्टर बाईंचं औषध चिठ्ठीत लिहिल्याबरहुकूम. ते वाळेपर्यंत नूडल बादलीत.

बादलीत कोमट पाणी, त्याला डोकं वर ठेवता येईल एवढंच. नातू अंग धरणार, मी विजेरी धरणार (मला एवढ्यावरच ठेवलं, आणि एवढंही पुष्कळ होतं), आणि ही नाकावर चष्मा ठेवून ओल्या कापसाच्या बोळ्यानं हनुवटीखालचा एकेक टिपणार. पहिल्या दिवशी नूडलनं चेंडू केला. ही त्याला म्हणाली, “असं करायचं नाही. मान वर.” मराठीतून. आणि त्यानं, शपथेवर सांगतो, केली. सापाला बाहेरचे कान नसतात हे मला ठाऊक आहे, तरीही केली.

रोजचा हिशेब ही दुधाच्या हिशेबासारखा कॅलेंडरवर लिही. सोमवार ४३. मंगळवार ३१. बुधवार १२. शुक्रवारी ४, आणि नातू नाचायला लागला. “थांब,” ही म्हणाली, “अजून लिखा फुटायच्यात.” पुढच्या गुरुवारी १९. पोराचं तोंड उतरलं. पुन्हा पेटी, पुन्हा ब्रश, पुन्हा कागद. त्या आठवड्यात बादलीशी बसून त्यानं आजीला विचारलं, नूडल म्हातारा होऊन मरेल की असाच? तोवर मी पुस्तकात वाचून ठेवलं होतं. सांगितलं, हे तीस वर्षं सहज जगतात. सेंट लुईच्या प्राणिसंग्रहालयातल्या साठी उलटलेल्या मादीनं २०२० साली सात अंडी घातली, आणि पंधरा वर्षांत तिच्या जवळपास नर नव्हता. नातू खूष झाला. ही म्हणाली, “साठीनंतर कुठलं बाळंतपण! बिचारी.”

पंधराव्या दिवशी कॅलेंडरवर २ होते. मुदत भरली होती. चिरंजीव संध्याकाळी पेटीशी आले, कागदाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि हात धुवायला निघून गेले. आश्रमाचा विषय पुन्हा निघाला नाही.

सलग शून्यं लागायला आणखी तीन आठवडे गेले. एका रात्री नातवानं दार ढकलून आम्हांला उठवलं. ओठांवर बोट. पेटीत नूडलच्या जबड्यातून शेपटीचं एक टोक तेवढं बाहेर होतं. मी बघवेना म्हणून भिंतीकडे पाहिलं. ही मात्र वाकून बघत होती. “सावकाश,” ती कुजबुजली, “घास लागेल.”

आता आम्ही रत्नागिरीला आहोत. दर शनिवारी फोनवर नातवाचा चेहरा येतो, पण क्षणभरच. लगेच तो फोन खाली वळवतो आणि पांढरा कागद दाखवतो. ही चष्मा लावते, कोपऱ्या-कोपऱ्यातून बघते, म्हणते, “डाव्या बाजूला काय आहे ते?”

“आजी, ते पेनाचं आहे!”

“पूस. मग दाखव.”