मुका कागद

आमच्या कुळदेवतेच्या देवळाचा उंबरठा वीतभराहून अधिक उंच आहे. आजीच्या अखेरच्या दोन वर्षांत गुडघ्यांनी तिची साथ सोडली, तेव्हा ती सभामंडपातच बसून हात जोडी आणि म्हणे, ‘तिला मी दिसते, तेवढे पुरे.’ आम्हा मंडळींना ते वाक्य भक्तीचे वाटे. त्यात उंबरठ्याविषयी तक्रारही असू शकेल, ही शंका कोणाच्या मनाला शिवली नाही.

2020 साली महामारीत देवळे बंद झाली आणि अग्रशाळेत आठवड्यातून दोनदा भरणारा माझा स्तोत्रपाठाचा वर्ग झूमवर आला. आरंभी मजला हा प्रकार पोरकट वाटला. परंतु बेळगाव, वडोदरे, इंदूर येथे पिढ्यान् पिढ्या राहिलेली, वर्षातून एकदा जत्रेला येणारी कुळावी मंडळी एकाएकी माझ्यापुढे रांगेने बसू लागली, तेव्हा मी हुरळून गेलो. महामारी सरली, देवळे उघडली, तरी वर्ग तसाच चालू राहिला. ‘आता उंबरठाच उरला नाही,’ असे मी देवस्थान समितीच्या एका बैठकीत मोठ्या ऐटीने बोलून गेल्याचे आठवते.

गीतेचा पंधरावा अध्याय सुरू केला, त्या वेळी आमच्याच तालुक्यातला एक जन्मांध तरुण वर्गात आला. आवाज खणखणीत, स्मरणशक्ती तल्लख. चौथ्या आठवड्यापासून तो दिसेनासा झाला. तरुणांना चिकाटी नसते, असा निवाडा मी मनाशी देऊनही टाकला होता. पुढे चतुर्थीच्या सुमारास त्याची आई भेटली. मी किंचित रागानेच विचारले. ती माउली संकोचून म्हणाली, ‘मास्तर, तुमचो कागद उलयना.’

कागद बोलत नाही म्हणजे काय, हे समजावयास मजला त्याच्या घरी जावे लागले. त्याच्या संगणकावर एनव्हीडीए नावाची एक विनामूल्य प्रणाली आहे. 2006 साली ऑस्ट्रेलियातील एका अंध तरुणाने तिची उभारणी आरंभिली. पडद्यावरचा मजकूर ती मोठ्याने वाचून दाखवते. मी पाठवलेली पहिली पीडीएफ त्याने उघडली. जुन्या पोथीची पाने मी हौसेने छायाचित्रे काढून जोडली होती. यंत्र काहीच वाचीना. त्याच्या दृष्टीने ती अक्षरे नव्हतीच, नुसती चित्रे होती. दुसरी धारिका टंकलिखित होती, परंतु जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीची वळणे चढवलेली असतात. डोळ्यांना ‘श्रीभगवान’ दिसे, आणि यंत्र मात्र इंग्रजी अक्षरे व विरामचिन्हे यांची अगम्य बाराखडी पुटपुटत राही. तीन आठवडे हा मुलगा भगवंताच्या जागी ही बाराखडी ऐकत बसला होता आणि तक्रारीचा एक शब्दही बोलला नव्हता. वर्गात मी पडद्यावर जे दाखवी तेही त्याच्या यंत्राला वाचता येत नसे, कारण तिकडे पोहोचते ते केवळ हलते चित्र. आणि माझ्या तोंडी तर सदोदित ‘हे पाहा’, ‘इथे बघा’! मी त्या दिवशी त्याच्या घरचा चहा कसा घेतला ते माझे मलाच ठाऊक.

त्यानंतर या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो. अमेरिकेतील वास्तुशिल्पी रोनाल्ड मेस यांना नवव्या वर्षी पोलिओ झाला. पुढे विद्यापीठात शिकताना पायऱ्यांवरून त्यांना उचलून न्यावे लागे. ‘सर्वांसाठी रचना’ हा विचार त्यांनी मांडला आणि 1997 साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची सात तत्त्वे प्रसिद्ध केली. सार इतकेच की, इमारत उभी राहिल्यावर मागल्या दाराला उतरण जोडण्यापेक्षा पुढचे दारच असे बांधावे की कोणालाही वेगळे काढावे लागू नये. 1984 साली स्थापन झालेल्या कास्ट या संस्थेने हा विचार शिक्षणात आणला: एकच गोष्ट अनेक वाटांनी मांडावी, शिकणाऱ्यालाही ती अनेक वाटांनी व्यक्त करू द्यावी आणि त्याचे मन गुंतेल असे मार्गही अनेक ठेवावेत. आपल्याकडील 2016 च्या दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या कायद्यातही अशा रचनेची व्याख्या दिलेली आहे.

हे वाचताना मजला राहून राहून संथेची आठवण होई. गुरूने एकदा म्हणावे, शिष्याने दोनदा म्हणावे. त्या पाठशाळेत अंधाला काय उणे होते? शुक्ल यजुर्वेदाचे पाठक तर स्वर कंठाने उच्चारतात आणि हातानेही दाखवतात. कान आणि डोळा दोहोंची सोय! अर्थात जुन्याचे गोडवे गाण्यालाही मर्यादा आहे. त्याच पाठशाळेत बहिऱ्याला जागा नव्हती, आणि दाराबाहेर ठेवले गेलेले तर कितीतरी होते.

मग कामाला बसलो. साऱ्या वीस श्लोकांचे टंकलेखन युनिकोडमध्ये पुन्हा केले. माझ्यासारख्या दोन बोटांनी टंकन करणाऱ्याला त्यास महिना लागला. मथळे नुसते ठळक न करता मथळे म्हणूनच नोंदवले, म्हणजे यंत्राला एका श्लोकावरून दुसऱ्यावर उडी घेता येते. अनुष्टुभाच्या चरणात पाचवे अक्षर लघु आणि सहावे गुरू, हे मी लाल व हिरव्या रंगांनी दाखवीत असे. ते रंग काढून अक्षरांखाली ‘ल’ आणि ‘गु’ लिहिले, तेव्हा वडोदऱ्याचे एक वयस्क गृहस्थ म्हणाले, ‘बरे केलेत. मला ते दोन्ही रंग सारखेच दिसत.’ दोन वर्षे ते गप्प होते! पाठाचा ध्वनी आदल्या दिवशी पाठवू लागलो, तो खेडेगावात जेथे चित्र अडखळते तेथेही पोहोचला. इंदूरच्या एका आजींना ऐकू कमी येते. त्या आता विवरण आधी वाचून मग वर्गाला बसतात आणि माझ्या चुका काढतात. आपोआप उमटणाऱ्या सबटायटलांवर मात्र माझा विश्वास नाही. संस्कृत श्लोकांची त्यांनी जी दशा केली ती येथे सांगण्याजोगी नाही. शेवटी ती माणसानेच लिहावी लागतात, आणि त्या कामाला माणूस मिळत नाही.

समितीतील एका ज्येष्ठांनी विचारले होते, ‘एका मुलासाठी एवढा खटाटोप?’ वडोदऱ्याचे गृहस्थ आणि इंदूरच्या आजी यांची उदाहरणे देऊन मी त्यांचे समाधान केले. घरी आल्यावर मात्र ते उत्तर मलाच लंगडे वाटले. त्या दोघांचा काडीचाही लाभ झाला नसता, तर एका मुलासाठी हे करावयाचे नव्हते काय?

तो मुलगा परत आला आहे. नवी धारिका मी प्रथम त्यालाच पाठवतो आणि तो निर्दयपणे तपासतो. मागच्या पंधरवड्यात त्याचा निरोप आला: ‘तिसऱ्या पानावरचे चित्र अजून मुके आहे.’ ते चित्र अध्यायाच्या आरंभी येणाऱ्या उलट्या अश्वत्थाचे. मी त्याखाली वर्णन घातले, ‘अश्वत्थ वृक्षाचे चित्र’. त्याचे उत्तर आले: ‘अश्वत्थ तर श्लोकातूनच कळला, मास्तर. चित्रात काय आहे?’ मी चष्मा लावला, चित्र जवळ ओढले आणि एकेक गोष्ट लिहू लागलो. मुळे वर, ढगांत शिरलेली. फांद्या खाली, जमिनीला टेकलेल्या. एका फांदीवर एक पक्षी, तोही उलटा. गेली अनेक वर्षे मी ते चित्र शिकवीत आलो होतो. तो पक्षी त्या दिवशी मला प्रथमच दिसला.