रोहिणखेडची वाट

बुलढाणा जिल्ह्यात सोयरीक जुळवायला बसलं की विचारणा ठरलेली: गाव घाटावरचं की घाटाखालचं? अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याची अशी वाटणीच करून ठेवली आहे. वरचा आणि खालचा मुलूख जिथे एकमेकांना भेटायचा, त्यातलं एक ठिकाण म्हणजे मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड. गाव आजही आहे. गेलं ते त्याचं नाकं.

बऱ्हाणपुराहून दख्खनेत उतरायचं तर आधी घाट चढावा लागे, आणि रोहिणखेड त्याच्या पायथ्याशी. इतिहासात त्याचं नाव येतं ते लढायांपायी. 1437 साली खानदेशचा नासिर खान फारुकी वऱ्हाडात घुसला. कारण पाहिलं तर घरगुती. त्याची लेक बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहाला दिलेली, आणि सुलतानाचा जीव जडला संगमेश्वरच्या राजकन्येवर. लेकीने माहेरी गाऱ्हाणं घातलं, बापाने फौज काढली. बहमनी सरदार खलफ हसन बसरीने त्याला रोहिणखेडला गाठून मोडलं आणि बऱ्हाणपुरापर्यंत पिटाळलं. पुढे 1591 मध्ये अहमदनगरच्या गादीचा निकालही इथेच लागला. नगरचा कारभार बळकावून बसलेला जमाल खान पडला आणि बुऱ्हाण निजामशहाचा मार्ग मोकळा झाला.

सवत संगमेश्वरची, बाप बऱ्हाणपूरचा, गादी नगरची. रोहिणखेडचं त्यात काय होतं? उभी पिकं तुडवली गेली असतील, तेवढीच.

पण लढाया म्हणजे गाव नव्हे. फौज कधीमधी यायची, लमाणांचे तांडे हंगामागून हंगाम. पाठीवर गोण्या लादलेला बैल घाट चढवायचा म्हणजे आदल्या रात्री त्याला पोटभर चारा-पाणी हवं, खुराला नाल हवी, तुटलेला दोर बदलून हवा. घाटाच्या तोंडाशी मुक्काम पडतो तो असा, आणि मुक्कामावर पेठ उभी राहते. नालबंद, चारेवाले, सावकार यांची नोंद तवारिखा लिहिणाऱ्यांनी कशाला ठेवावी? साक्ष आहे ती दगडाची. खुदावंद खान महदवीने 1582 मध्ये बांधलेली मशीद इथे आहे. भोवती वस्ती आणि गाठीला पैसा असल्याशिवाय असं बांधकाम होत नाही.

मग हे नाकं मोडलं कशाने? माझ्या मते लढायांनी नाही, दिशा बदलल्याने. बऱ्हाणपूर आणि नगर यांचा दबदबा ओसरला, तशी उत्तर-दक्षिण वर्दळ आटली. उरलंसुरलं रेल्वेने नेलं. 1867 मध्ये रूळ नागपूरला पोचले, वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे धावू लागला, आणि 1870 मध्ये खामगावच्या बाजारासाठी जलंबहून वेगळा फाटाच काढला गेला. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशनची गावं झाली. या मालाला घाट चढायचं कामच उरलं नाही. आता मलकापूरची गाडी मोताळ्यावरून राजूर घाटाने बुलढाण्याला चढते. रोहिणखेड एका अंगाला राहतं.

आमच्या जिल्ह्याचा इतिहास सांगताना लोक सिंदखेडराजाला सुरुवात करतात आणि लोणारला संपवतात. दोन्ही थोर, वादच नाही. पण रोहिणखेडच्या शाळेतल्या गुरुजींना एक विनंती आहे. घाटाची जुनी वाट ठाऊक असलेली म्हातारी माणसं गावात असतील, तोवर पोरांना त्यांच्यासोबत धाडा आणि ती वाट कागदावर काढून घ्या.