कुलाब्याची सुई

पावसाळ्यात लालबागच्या आमच्या चाळीत कुलाब्याचं नाव रोज निघायचं. रेडिओवर 'कुलाबा इथे इतके मिलिमीटर, सांताक्रूझ इथे इतके' असं आलं की आजोबा गॅलरीच्या कठड्याला टेकून आकाशाकडे एकदा बघून घ्यायचे आणि मग छत्री न्यायची की नाही ते ठरायचं. कुलाबा वेधशाळा म्हणजे पाऊस, एवढीच माझी समजूत. त्याच आवारात एके काळी एक सुई नांदत होती, तिला पावसाशी काही कर्तव्य नव्हतं आणि तिचा सगळा जीव सूर्यात अडकलेला होता, हे मला फार उशिरा कळलं. जीव सूर्यात, आणि सूर्य तिने जन्मात पाहिला नव्हता. ती राहायची बंद खोलीत.

सुई म्हणायचं ते आपलं मायेने. खरं तर ती चुंबक केलेली पोलादाची पट्टी. डब्लिनच्या टॉमस ग्रब यांनी घडवलेल्या उपकरणात ती दोन समांतर तारांना आडवी टांगलेली होती. मोकळा सोडला तर चुंबक उत्तर-दक्षिण होऊन स्वस्थ राहतो. हिच्या नशिबी ते स्वास्थ्य नव्हतं. तारांना पीळ देऊन तिला मुद्दाम पूर्व-पश्चिम रोखून धरलेलं. पृथ्वी म्हणते उत्तरेला ये, पीळ म्हणतो इथेच राहा. या ओढाताणीत ती जिथे थांबेल ती त्या घडीची तिची साक्ष. पृथ्वीची ओढ किंचित घटली की पिळाचं चाले, वाढली की उत्तरेचं. ही हालचाल इतकी बारीक की नुसत्या डोळ्याला ती निश्चलच दिसावी. म्हणून तिच्यासोबत एक आरसा टांगलेला असे, आणि काही अंतरावरून दुर्बिणीला डोळा लावून माणसाने त्या आरशातल्या मोजपट्टीचे आकडे वाचायचे.

लोखंडाचं तिला वावडं. किल्ल्यांचा जुडगा खिशात ठेवून कुणी जवळ आलं तरी तिची साक्ष बिघडायची. पण एवढी हळवी असूनही ती चंचल नव्हती. शांत दिवशी तिचा क्रम ठरलेला. सकाळी सूर्य वर येऊ लागला की ती हळूहळू सरकायला लागे, दुपारच्या सुमाराला टोकाला पोहोचे आणि दिवस कलला की परत फिरे. सूर्याच्या किरणांनी शंभरेक किलोमीटर उंचीवरच्या हवेत विजेचे प्रवाह सुरू होतात, त्यांचा तो परिणाम. खिडकी नसलेल्या खोलीतही तिला दुपार झालेली कळायची.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये उभारली ती ताऱ्यांचे वेध घ्यायला आणि बंदरातल्या गलबतांना अचूक वेळ सांगायला. चुंबकाच्या नोंदी 1841 मध्ये एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली सुरू झाल्या. याच वेधशाळेत बाळशास्त्री जांभेकरांनी काम केलं. आणि ऑर्लेबारांच्या हाताखाली अलिबागजवळच्या नागावचा एक कोवळा मुलगा मदतनीस म्हणून आला: केरो लक्ष्मण छत्रे. पुढे हेच केरूनाना पुण्यात गणित शिकवू लागले आणि टिळक त्यांचे विद्यार्थी झाले. मराठी माणसाच्या आधुनिक विज्ञानाची पहिली पावलं शोधायची तर मी या आवारात येईन. तिथे ग्रंथ लिहिले जात नव्हते, आकडे लिहिले जात होते. दिवसाउजेडी, मध्यरात्री, आषाढाच्या धारेत, तासागणिक.

त्या आकड्यांचं मोल ठरवणारा दिवस उगवला तो भाद्रपदात, घरोघरी गणपती बसलेले असताना. सार्वजनिक गणपती तेव्हा नव्हते. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीतला उत्सव सुरू व्हायला अजून 34 वर्षं होती.

1 सप्टेंबर 1859, गुरुवार. इंग्लंडात रेडहिल इथे रिचर्ड कॅरिंग्टन पडद्यावर सूर्याची प्रतिमा पाडून डागांचं चित्र काढत होता. सकाळी 11 वाजून 18 मिनिटांनी डागांच्या एका मोठ्या घोळक्यावर दोन पांढरेशुभ्र ठिपके अचानक पेटले आणि पाचेक मिनिटांत मावळले. लंडनच्या हायगेट भागातून रिचर्ड हॉजसननेही ते पाहिले. माणसाने पाहून लिहून ठेवलेली ही पहिली सौरज्वाला. मुंबईत तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते.

ज्वालेचा उजेड आठ मिनिटांत पृथ्वीवर येतो. तिच्यासोबत सूर्याच्या प्रभामंडलातून जो तप्त, विद्युतभारित द्रव्याचा लोट सुटला, त्याला सीएमई म्हणायचं हे शंभरहून अधिक वर्षांनी ठरलं. असा लोट आपलं चुंबकत्व पोटात घेऊनच निघतो. एरवी त्याला इथवर यायला दोन-चार दिवस लागतात. हा साडेसतरा तासांच्या आसपास पोहोचला, म्हणजे सेकंदाला दोन हजार किलोमीटरहून जास्त वेगाने.

शुक्रवारची सकाळ. कुलाब्याच्या खोलीत सुई आधी थोडी वरच्या बाजूला उचलल्यासारखी झाली. आदळलेल्या लोटाने पृथ्वीभोवतीचं चुंबकीय कवच दाबलं गेलं होतं. आणि मग ती कोसळली. दुसरा शब्द मला सापडत नाही. चुंबकी ओढ मोजायचं माप नॅनोटेस्ला. शांत दिवशी तिचा दिवसभराचा झोका चाळीस-पन्नास नॅनोटेस्लांचा. आपण ज्यांना मोठी चुंबकीय वादळं म्हणतो त्यांत तो दोन-तीनशेपर्यंत जातो. त्या सकाळी पृथ्वीची आडवी ओढ तास-दीड तासात सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घटली. एकूण ओढीच्या चारेक टक्के. ऐकायला थोडं वाटेल, पण खाली रस्त्यावरच्या माणसाच्या पायाखालून पृथ्वीची चार टक्के आडवी ओढ सुटली होती आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

मला त्या दुर्बिणीपाशी बसलेल्या माणसाबद्दल फार वाटतं. तासाला एकदा वाचायचा नेम. गडबड दिसली की पाव तासाला, पाच-पाच मिनिटांना. त्या सकाळी आरशातले आकडे पळत होते. असं काही त्याने आयुष्यात पाहिलेलं असणं शक्य नव्हतं. उपकरण बिघडलं म्हणून तो उठून गेला असता तर कुणी त्याला दोष दिला नसता. तो वाचत राहिला, लिहीत राहिला.

लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत फोटोच्या कागदावर आपोआप रेघ उमटत असे. त्या दिवशी ती रेघ कागदाबाहेर गेली. अमेरिकेत तारयंत्रांच्या बॅटऱ्या काढून टाकल्या तरी जमिनीतून आलेल्या प्रवाहावर संदेश जात होते, आणि ध्रुवाकडचे रंगीत प्रकाशपडदे क्यूबापर्यंत उतरले होते. पण वादळाचा आकडा सांगायला मुंबईची सुईच नेमक्या जागी होती. अशा वादळात पृथ्वीभोवती दहा हजारांहून अधिक किलोमीटरांवर भारित कणांचं एक कडं तयार होतं, त्यातून वीज वाहते आणि ती विषुववृत्ताकडच्या भागात पृथ्वीची ओढ कमी करते. ध्रुवाजवळ इतर गोंगाट फार. मुंबई त्या कड्याच्या सावलीत, गोंगाटापासून दूर.

तो आकडा पुढे कितीतरी वर्षं वहीत पडून राहिला. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी 1846 ते 1905 या साठ वर्षांच्या नोंदी लावून 1910 मध्ये ग्रंथरूपाने छापल्या. हे काम किती जिकिरीचं असेल ते ज्याने जुन्या जमाखर्चाच्या वह्या कधी उलगडल्या आहेत त्यालाच कळेल. 2003 मध्ये शास्त्रज्ञ त्सुरुतानी, गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लाखिना व अलेक्स यांनी कुलाब्याच्या याच नोंदी जगापुढे ठेवल्या. तेव्हापासून सूर्याचा कोप कुठवर जाऊ शकतो हे सांगताना मुंबईचा दाखला दिला जातो. एका ठिकाणचा आकडा म्हणजे सगळ्या पृथ्वीचा नव्हे, तासाची सरासरी घेतली तर तो निम्म्याच्या जवळपास येतो, हा वाद रास्त आहे. पण वाद घालायलासुद्धा आकडा लागतो, आणि तो तिने दिला.

4 फेब्रुवारी 1872 च्या रविवारी ती पुन्हा अशीच हेलावली. त्या रात्री मुंबईच्या आकाशातही तो ध्रुवीय प्रकाश दिसल्याच्या बातम्या छापून आल्या. मुंबईच्या आकाशात! हे वाचल्यापासून मी दादरच्या चौपाटीवर रात्री उभा राहिलो की नकळत उत्तरेकडे पाहतो.

आता तिच्या घर सोडण्याबद्दल. ते लिहिताना मला आजोबांना बाजूला ठेवता येत नाही. ते ट्रामवर कंडक्टर होते. मुंबईत घोड्यांच्या ट्राम 1874 पासून होत्या. त्यांचा तिला त्रास नव्हता. शहराने विजेच्या ट्राम आणायचं ठरवलं तेव्हा मात्र तिचे दिवस भरले. ट्रामची वीज वरच्या तारेतून येते आणि रुळांतून परत जाते. परतताना थोडी जमिनीत झिरपते. त्या झिरपणाऱ्या प्रवाहाने सुई रोज थरथरली असती आणि सूर्य कुठला नि ट्राम कुठली हे सांगता आलं नसतं. मूस यांनी नवी जागा शोधली ती खाडीपलीकडे, तीसेक किलोमीटरवर, अलिबागला. 1904 पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. लगेच कुलाब्याचं दार लावलं नाही. 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचन चालू ठेवलं, म्हणजे जुन्या आकड्यांचा धागा नव्यांशी जुळावा. सासरी निघालेल्या मुलीला पोचवायला आई उंबरठा ओलांडून चार पावलं जाते, तसं. 7 मे 1907 ला विजेची ट्राम धावली.

त्या ट्रामने आमचं घर चालवलं. 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम आली, तेव्हा आजोबा रस्त्याच्या कडेला उभे होते. घरी येऊन ते जेवले नाहीत, असं आजी सांगायची. ट्राम गेली, सुई परत आली नाही. ती तिकडे रुळली होती. तिकडेही कुलाबाच: समोर समुद्रात कुलाबा किल्ला आणि 1981 पर्यंत जिल्ह्याचं नावही कुलाबा. केरूनानांचं नागावही तिथून हाकेच्या अंतरावर.

मी गेटवेवरून लाँचने मांडव्याला उतरून अलिबागला गेलो ते हे सगळं वाचल्यावर. झाडीतल्या त्या जुन्या, बैठ्या इमारतींकडे बघत बराच वेळ उभा होतो. शेजारून पर्यटकांचे घोडे किनाऱ्याकडे चालले होते. तारांना टांगलेल्या पट्ट्यांच्या जागी आता इलेक्ट्रॉनिक उपकरणं आली, दुर्बिणीला डोळा लावायची गरज उरली नाही. बिऱ्हाड मात्र तेच, आणि 1840 च्या दशकापासून चालत आलेली नोंदही तीच. जगात इतकी लांब साखळी फार थोड्या ठिकाणी आहे.

तिला आता वर आकाशात एक सोबतीणही मिळाली आहे. भारताचं आदित्य एल-1 यान पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरांवरून सूर्याकडे अखंड बघतं. ज्वालांची छायाचित्रं घेणारी त्यातली एक दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेने बनवली. ते यान उडालं 2 सप्टेंबर 2023 ला. तारीख वाचून मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. 164 वर्षांपूर्वी त्याच तारखेला ती कोसळली होती.

पुढच्या वर्षी, 10 मे 2024 ला, अक्षय्य तृतीया होती. सूर्यावरच्या एका प्रचंड डागसमूहातून लागोपाठ लोट सुटल्याचं दिवसभर कानावर येत होतं. घरी आमरस-पुरी झाली, भांडी झाली. रात्री साडेदहा वाजता मी गॅलरीत जाऊन आजोबांच्या कठड्याला टेकलो. खाली लालबागच्या उड्डाणपुलावरून गाड्या चालल्या होत्या, टॉवरांच्या दिव्यांनी आकाश नेहमीसारखं मळकट नारिंगी. लडाखमध्ये हानले इथे त्या रात्री आभाळ लाल झालं. इथे काहीच दिसत नव्हतं. दहा पस्तीस झाले. त्या सुमाराला लोट येऊन आदळला होता आणि खाडीपलीकडे, बंद खोलीत, ती वर उचलली गेली होती.