सकाळचं पाणी, संध्याकाळचं पाणी

गोगलगायीचा शंख टोकाकडून विरायला लागतो. टोक हा त्याचा सगळ्यांत जुना भाग, पिल्लू असतानाचा. नवीन भर पडते ती तोंडाशी. पाणी मानवेनासं झालं की आधी त्या जुन्या टोकावरचं पातळ, चिवट आवरण झिजतं, आतला चुना उघडा पडतो आणि पांढरे खड्डे दिसू लागतात. आमच्या टाकीतल्या पिवळ्या मिस्ट्री स्नेलच्या शंखावर असा खड्डा दिसला, तेव्हा मला वाटलं, दगडावर पडून टवका उडाला असेल. मग दुसरीलाही तसाच खड्डा दिसला.

टाकी दोन फुटी, मासे मोजकेच, वनस्पतींची मात्र गर्दी: लाकडाला बांधलेलं जावा फर्न आणि अनुबियास, मागे व्हॅलिस्नेरियाच्या लांब पात्या, कोपऱ्यात लालसर रोटाला. पाणी महापालिकेच्या नळाचं, क्लोरीन घालवणारं औषध टाकून भरलेलं. पीएच मी संध्याकाळी कामावरून आल्यावर मोजायचे. नळीतलं पाणी निळसर हिरवं व्हायचं, म्हणजे ७.४. पीएच सातच्या खाली गेला की शंख विरघळतो, असं जो तो सांगत होता. मग ७.४ ला हे काय चाललं होतं? दुकानात नमुना घेऊन गेले तर तिथेही तोच आकडा. ‘‘मॅडम, पाणी एकदम मस्त आहे.’’ कुणी म्हणालं आरओचं पाणी घाला, कुणी म्हणालं खतातलं तांबं बाधलं असेल. तांब्याची भीती खोटी नव्हे. माशांच्या काही औषधांत ते गोगलगायींचा जीव घेण्याइतकं असतं. पण तसलं औषध मी घातलंच नव्हतं, आणि खतात असतं ते अगदी नावापुरतं.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. त्यांनी टाकीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘‘अगं, तू मोजतेस कधी? उद्या दिवा लावायच्या आधी मोज बघू.’’

सकाळी नळी पिवळट हिरवी झाली. ६.८! पाणी तेच, टाकी तीच, मध्ये फक्त एक रात्र गेलेली. मी दुसऱ्यांदा मोजलं. तेवढाच.

वनस्पती दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, म्हणून पीएच चढतो. रात्री दिवा बंद झाला की त्या आणि टाकीतले बाकी सगळे जीव नुसता श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाणी आम्लाकडे झुकतं. हे शाळेत शिकलेलंच होतं. पण त्याने माझ्या घरातला आकडा रोज वरखाली होत असेल, हे मनात कधी आलं नव्हतं. मी रोज दिवसभराच्या प्रकाशानंतरचं, सगळ्यांत चांगल्या घडीचं पाणी मोजत होते. गोगलगाय मात्र रात्रभर त्याच पाण्यात असायची.

‘‘आणि केएच किती?’’ काकूंनी विचारलं. इथून माझा खरा गोंधळ सुरू झाला. पीएच, जीएच, केएच. तिन्ही नावं सारखी आणि तिन्ही गोष्टी वेगळ्या. केएच म्हणजे पाण्यातली कार्बोनेट-बायकार्बोनेटं, पीएच घसरू न देणारी. जीएच म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. पाच मिलिलिटर पाण्यात थेंब थेंब द्रावण टाकायचं आणि रंग पालटेपर्यंत मोजायचं. एक थेंब म्हणजे एक अंश, लिटरला सुमारे १७.९ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका. केएचच्या नळीत दुसऱ्याच थेंबाला निळ्याचं पिवळं झालं. जीएच तीन. भातसा, तानसा, वैतरणा या तलावांत साठलेलं पावसाचं पाणी आमच्या नळाला येतं. त्यात चुना फारसा नसतोच. डाळ शिजायला उत्तम, शंखाला उपाशी ठेवणारं. इतक्या मऊ पाण्यात ७.४ लासुद्धा शंख हळूहळू झिजतो, हे काकूंनी सांगितलं तेव्हा कुठे माझा सात या आकड्यावरचा विश्वास उडाला. शिवाय गाळणीतले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना होता तो केएचही खात राहतात.

मग उपाय. खायचा सोडा केएच वाढवतो, पण त्यात कॅल्शियम नाही. एप्सम सॉल्ट जीएच वाढवतं, पण त्यातही कॅल्शियम नाही, नुसतं मॅग्नेशियम! दोन्ही घालून आकडे छान दिसले असते आणि शंखाला काहीच मिळालं नसतं, याचा मला फार धसका बसला. कॅल्शियम कार्बोनेटच हवं होतं. प्रवाळाचा चुरा सुचवला गेला, पण प्रवाळांना आपल्याकडे वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तो मला नकोच होता. काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेस आणला, आणि तिसऱ्यांची टरफलं उकळून, घासून, ठेचून जाळीच्या पिशवीत गाळणीत ठेवली. पाणी जितकं आम्लाकडे झुकेल तितकी ती जास्त विरघळतात आणि पाणी सावरलं की मंदावतात. मोजूनमापून घालायच्या पुडीपेक्षा हे मला कितीतरी भरवशाचं वाटतं.

केएच आता चार-पाचच्या आसपास असतो, जीएच सहा. सकाळ-संध्याकाळचा फरक उरलाय, पण कमी. जुने खड्डे बाहेरून भरून येत नाहीत. तोंडाशी आलेला नवा पट्टा मात्र गुळगुळीत आणि जाड आहे.

वनस्पतींचं गणित यात वेगळंच. कॅल्शियम त्यांनाही हवं, ते कमी पडलं की कोवळी पानं वेडीवाकडी येतात. व्हॅलिस्नेरिया तर बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेते, ती जोमाने वाढली. पण पीएच चढला की लोह हाती लागेनासं होतं, आणि रोटालाचे शेंडे फिके पडले. ईडीटीएमध्ये बांधलेल्या लोहाऐवजी डीटीपीएमधलं वापरायला लागले; ते थोड्या चढ्या पीएचलाही टिकतं. शेंडे सुधारले, लाली पूर्वीइतकी नाही. त्यासाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावा, असं आता सगळे सांगताहेत. त्याने केएच थेट हलणार नाही, पण पीएच खाली जाईल आणि शंखाचा चुना पुन्हा पाण्यात जायला लागेल. सिलिंडर मी घेणार नाही. रोटाला हिरवट राहिली तरी चालेल.