हळवे आणि गरवे

जावयाच्या घरी जाऊन राहण्याचा आमच्या पिढीला वाटणारा संकोच बाजूला ठेवून आम्ही २०२३ च्या मे महिन्यात सहकुटुंब व्हँकुव्हरला गेलो. तिथे पोहोचल्याच्या तिसऱ्या दिवशी जावईबापूंनी आमच्यापुढे बियाण्यांची एक सूची ठेवली आणि विचारले, "बाबा, तुम्ही शेतीतले. यांतले कोणते घेऊ, सांगा." आम्ही चष्मा चढवला. पहिल्या पानावर भेंडी नव्हती, टोमॅटो नव्हता, झेंडूही नव्हता. सूची सारी गांजाची होती!

आमचा चेहरा पाहून मुलगी पुढे झाली आणि तिने आम्हांस कायदा समजावला. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांस या वनस्पतीची मोकळीक आहे. त्यांच्या प्रांतात घरामागे चार झाडे लावता येतात, मात्र ती रस्त्यावरून दिसता कामा नयेत. "तुळशीची चार लावली असतीत तर दिसली तरी चालली असती," एवढे म्हणून आमचे कुटुंब स्वयंपाकघरात निघून गेले. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने परवान्यावाचून हे झाड लावणे हा गुन्हा आहे, हे येथे सांगून टाकतो. पुढील मजकूर वाचून कोणी परसात आळे खणू नये.

जावईबापू व्यसनी नव्हेत. बागेचा मात्र त्यांना विलक्षण नाद. आदल्या साली त्यांनी मोठ्या हौसेने लावलेली चारही झाडे सहा सहा फूट वाढली, सप्टेंबरात तुऱ्यांनी लवली, आणि ऑक्टोबरात कुजली. झाड कापण्यास दहाएक दिवस उरले असता तुऱ्यातले एखादे पान अकस्मात पिवळे पडावे, हात लावताच ते अलगद निघून यावे, आणि आत पाहावे तो करड्या बुरशीचा भुगा! बोट्रायटिस नावाची ही बुरशी स्ट्रॉबेरीवर येते, द्राक्षावर येते. थंड दमट हवा आणि दाट तुरा एवढे मिळाले की तिचे भागते. बाहेरून फूल टवटवीत असते. कूज आतून सुरू होते. हे सांगताना त्या गृहस्थांचा आवाज जड झाला होता. वस्तू गांजा असली तरी दुःख शेतकऱ्याचे होते, आणि ते आम्हांस ओळखीचे होते.

"तुम्ही शेतीतले" हे त्यांचे शब्द आम्हांस बोचले, त्याचे कारणही हेच. आमचा जन्म गेला महाविद्यालयात शिकवण्यात. शेती म्हणाल तर संगमेश्वर तालुक्यातली वडिलार्जित दोन खाचरे, आणि तीही दुसऱ्याने अर्धेलीने केलेली. खालचे खाचर सखल आहे. त्यात पाणी दिवाळीपर्यंत हलत नाही. तिथे आमच्या आजोबांपासून गरवा भात होत आला. २०१९ साली, सेवानिवृत्तीनंतरच्या उत्साहात, आम्ही ठरवले की यंदा तिथे हळवे घालायचे. चारएक महिन्यांत भात हाती येईल, मागून ओलीवर वाल घेता येईल, असा आमचा कागदावरचा हिशेब. शेत करणारे म्हातारे गृहस्थ दोनदा म्हणाले, "अण्णा, या खाचरात हळवे नको. ते हस्ताच्या तोंडी सापडेल." आम्ही त्यांना कर्जत ३ या जातीचे गुण ऐकवले. जात उत्तमच आहे. वरकडच्या निचऱ्याच्या जमिनीत तिने कोणाचे वाईट केलेले नाही. पण त्या वर्षी ऑक्टोबर सरत आला तरी पाऊस गेला नाही. कापून पसरलेल्या लोंब्या पाण्यात भिजल्या आणि दाण्यांना शेतातच कोंब आले. शेजारच्या खाचरातला गरवा तेव्हा हिरवा होता. त्याचेही नुकसान झाले, पण तो उभा राहिला. आमचे नुकसान निवृत्तिवेतनात जिरले; म्हाताऱ्याच्या निम्म्या वाट्याला मात्र दुसरा आधार नव्हता. ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते, असे आम्हांस अजून वाटते.

या दोन्ही फसगतींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, आणि ती व्हँकुव्हरच्या त्या ओसरीवर सूची वाचताना आमच्या ध्यानात आली. झाडे दोन तऱ्हांनी काळ मोजतात. काही झाडे आकाशाकडे पाहतात: रात्र ठराविक लांबीची झाली की फुलायचे, मग पेरणी केव्हाची का असेना. अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड या दोघा शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू आणि सोयाबीन यांवर प्रयोग करून ही गोष्ट जगापुढे मांडली. आपला जुना गरवा या जातीचा. आषाढात लावणी चार दिवस पुढेमागे झाली तरी तो निसवतो आपल्या तिथीलाच. दुसरी झाडे स्वतःचे वय मोजतात. इतके दिवस झाले, आता फुला. बाहेर आषाढ आहे की अश्विन, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही.

गांजाचे सामान्य झाड पहिल्या तऱ्हेचे आहे. जुन्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, एके काळी सरकारी देखरेखीखाली त्याची लागवड होत असे. १८९३-९४ च्या चौकशी आयोगाने तिची दखल घेतलेली आहे. दख्खनच्या हवेत ते शहाणेच झाड ठरते, कारण पाऊस सरल्यावर फुलावे आणि कोरड्या थंडीत पिकावे असा त्याचा क्रम. पण तेच झाड उत्तरेस एकोणपन्नासाव्या अक्षांशावर न्यावे, तर जूनमध्ये सोळा तासांचा दिवस पाहून ते नुसते वाढतच राहते. ऑगस्टात रात्री वाढू लागल्या की त्यास फुलण्याची आठवण होते, आणि तुरा पिकण्यास ऑक्टोबर उजाडतो. व्हँकुव्हरचा जुलै-ऑगस्ट कोरडा. ऑक्टोबरपासून पुढे तिथे पावसाचे राज्य. म्हणजे जे वेळापत्रक दख्खनात पीक तारते, तेच तिथे कुजवते.

यावर उपाय निघाला तो एका तणातून. दक्षिण रशियातल्या एका रानटी, खुज्या भांगेस यानिशेव्स्की या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२४ साली रुडेरॅलिस हे नाव दिले. तिकडचा उन्हाळा आखूड. रात्र मोठी होण्याची वाट पाहत बसणाऱ्या झाडाचा तिथे निभाव लागत नाही. म्हणून हे तण वयावर फुलते. त्याचा संकर करून ज्या जाती काढल्या, त्यांना आज ऑटोफ्लॉवर म्हणतात. उगवल्यापासून तीनपाच आठवड्यांत फूल, आणि अडीच-तीन महिन्यांत कापणी. आम्ही सूची खाली ठेवली आणि म्हणालो, "जावईबापू, हे तर हळवे भात!"

मग आम्ही दोघे तासभर त्या सूचीत बुडालो. जातींची नावे इथे लिहिण्याजोगी नाहीत. नाटक कंपनीच्या जाहिरातीतही इतका भडकपणा नसे. जावईबापूंचे बोट सारखे भरगच्च, वजनदार तुऱ्यांच्या चित्रांवर थांबे. आम्ही ते उचलून मोकळ्या, विरळ तुऱ्याच्या जातींवर नेत असू. ज्या तुऱ्यातून वारा खेळतो त्यात पहाटेचे दव साचून राहत नाही. उत्पन्न थोडे कमी येईल, पण येईल. छापलेल्या दिवसांवरही आम्ही भरवसा ठेवू दिला नाही. 'साठ दिवसांत' हा बोल बहुधा दिव्याखालच्या, उबदार खोलीतल्या झाडाचा असतो. उघड्यावर त्यात दोनतीन आठवडे मिळवावेत. उंची बेताची हवी, कारण कुंपण बेताचे.

दुसरी एक अडचण या जातीस आहे, आणि हळव्या भातासही ती आहेच. वय मोजणाऱ्या झाडाला रुसवाफुगवा परवडत नाही. रोप उपटून दुसरीकडे लावले, थंडीने आखडले, शेंडा खुडला, की गरवे झाड आठवडाभर रुसते आणि मग भरपाई करते. हळव्याचा आठवडा गेला तो गेला. वीतभर असतानाच त्यास फूल येते आणि खेळ आटोपतो. म्हणून बी थेट मोठ्या कुंडीतच टाकायचे, आणि माती उबदार झाल्यावर टाकायचे. जावईबापूंना पहिल्याच रविवारी पेरायचे होते. आम्ही त्यांना मेच्या अखेरपर्यंत थोपवून धरले. स्कॉटलंड-आयर्लंडसारख्या ठिकाणी उन्हाळाही ओलाच. तिथे नुसत्या लवकर पिकण्याने भागणार नाही, वर पारदर्शक छप्परही लागेल. व्हँकुव्हरला त्याची गरज पडली नाही.

तीन कुंड्यांत आमची निवड गेली. चौथीत जावईबापूंनी हट्टाने गेल्या सालचेच मोठे झाड लावले, आणि आम्ही त्यास विरोध केला नाही. एकदा दुसऱ्याच्या खाचरातल्या भाकरीवर निर्णय लादला होता, तेवढा पुरे होता. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तिन्ही हळवी झाडे कोरडी, स्वच्छ कापली गेली. कंबरेएवढीच होती, उत्पन्न पाहून जावईबापू किंचित हिरमुसले. आमच्या कुटुंबाने त्या दिवशी घरातल्या सर्व खिडक्या उघड्या ठेवल्या. चौथे झाड तेव्हा कुठे फुलू लागले होते. ते कुंपणाशी भिडले, अतिशय देखणे दिसू लागले, आणि ऑक्टोबरच्या पावसात एका सकाळी त्याच्या मधल्या तुऱ्यातले पान पिवळे पडले. जावईबापूंनी ते ओढले. सहज निघून आले.

ते काही न बोलता कात्री आणण्यास आत गेले. परत आल्यावर कुजके तुरे कापता कापता त्यांनी विचारले, "बाबा, गावाकडे यंदा खालच्या खाचरात काय आहे?"

"गरवा," आम्ही म्हणालो. "अजून हिरवा आहे. कालच फोन आला होता."

"तुम्ही ठरवलेत?"

"नाही. त्यांनीच ठरवले. आम्ही फक्त बियाण्याचे पैसे पाठवले."